ओला कचरा बाल्कनीतच जिरवायचा तर

आधी आठवडाभर कचरा मोजा. रोज रात्री ओल्या कचऱ्याची टोपली स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायची आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचा. चार माणसांच्या, दोन्ही वेळ घरी स्वयंपाक होणाऱ्या घरात तो बहुधा पाऊण ते एक किलो भरतो. आंबा-कलिंगडाच्या दिवसांत दीड-दोन किलोवर जातो. डबा केवढा घ्यायचा, पाला किती साठवायचा हे सगळं या आकड्यावर ठरतं. न मोजता खताचा देखणा माठ विकत आणला की तो तीन आठवड्यांत भरतो, मग कोंबाकोंबी सुरू होते, वास येतो आणि महिन्याभरात माठ माळ्यावर जातो.

मोजताना आणखी एक नोंद ठेवा: टोपलीत सालं-देठं किती आणि खाण्याजोगं असूनही टाकलेलं किती. कारण खत करणं ही दुसरी पायरी. पहिली पायरी कचरा होऊच न देण्याची.

मंडईतून आणलेल्या कोथिंबिरीची अर्धी जुडी चौथ्या दिवशी काळी पडते, ती ओलीच फ्रिजमध्ये जाते म्हणून. आणल्यावर धुऊ नका. मुळं आणि पिवळी पानं काढा, पंख्याखाली अर्धा तास पसरा, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवा. फडकं दमट झालं की बदला. अशी आठ-दहा दिवस सहज टिकते. मेथी-पालकाला हाच नियम. दोडक्याच्या शिरा आणि दुधीची सालं तिळाबरोबर परतून चटणीला, कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालिपिठात, फ्लॉवरचे कोवळे देठ रश्श्यात, मुळ्याचा पाला पीठ पेरून. शिळ्या पोळीचा कुस्करा आणि फोडणीचा भात तर घरोघरी होतोच, पण भाताबाबत एक खबरदारी हवी. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात असे जिवाणू वाढतात, ज्यांचं विष पुन्हा तापवल्यानं जात नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. एवढं नीट पाळलं तर टोपलीचं वजन महिन्याभरात उतरलेलं दिसेल.

डबा

पन्नास लिटरचे झाकणाचे दोन प्लॅस्टिक ड्रम घ्या. जुन्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे वापरलेले मिळतात. पूर्वी त्यात काय होतं हे विचारून घ्या, रसायनाचे नकोत, खाण्याच्या जिनसांचे चालतील. एक भरायचा, दुसरा मुरायचा. रोज किलोभर कचरा आणि तेवढाच पाला टाकला तरी ड्रम महिना-सव्वा महिना पुरतो, कारण आत टाकलेलं रोज खाली बसत असतं. वजन दीड किलोच्या वर असेल तर तिसरा ड्रम लागेल.

भोकं ड्रिल मशिननं पाडा, ८ मिलिमीटरच्या बिटनं. तापलेल्या सळीनं पाडली तर प्लॅस्टिकचा धूर नाकात जातो. बाजूंना चारही अंगांनी दर १० सेंटिमीटरवर एक आणि तळाला सात-आठ. भोकांना आतून जुन्या मच्छरदाणीची जाळी लावा, नाहीतर तिथूनच माश्या आत जातील. ड्रम दोन विटांवर ठेवा आणि खाली एक पसरट ट्रे. विटा महत्त्वाच्या आहेत: ड्रम फरशीला टेकला की तळाची भोकं बंद होतात, खालचा थर गुदमरतो आणि पहिला वास तिथूनच येतो.

जागा निवडताना दुपारचं पश्चिमेचं ऊन आणि पावसाचा सपकारा, दोन्ही टाळा. ड्राय बाल्कनी सगळ्यांत उत्तम. वॉशिंग मशिनच्या शेजारची हातभर जागा पुरते.

तळाला नारळाच्या शेंड्या मोकळ्या करून ५ सेंटिमीटरचा थर द्या, त्यावर तेवढाच वाळका पाला. मग विरजण. एक वाटी आंबट ताक आणि सुपारीएवढा गूळ लिटरभर पाण्यात कालवून शिंपडा, किंवा कुणाकडचं तयार खत दोन-चार मुठी घाला. दुसरं जास्त भरवशाचं. शेण मिळालं तर तेही चालतं. विकतचं कल्चर, म्हणजे तयार जिवाणूंचं विरजण, वाईट नसतं, पण त्यावाचून काही अडत नाही. हवा, ओल आणि पाला नीट असेल तर जिवाणू आपणहून येतात.

पाला हीच खरी पुंजी

बाल्कनीतलं खत बिघडतं ते बहुतेक वेळा पाला संपला म्हणून. भाजीची सालं ओली आणि नत्रानं भरलेली असतात. वाळक्या पाल्यात कर्ब असतो. जिवाणूंना एका भाग नत्रामागे सुमारे पंचवीस ते तीस भाग कर्ब लागतो. तेवढा मिळाला नाही की जादा नत्र अमोनिया होऊन उडतो. शिवाय पाल्यामुळे ढिगात फटी राहतात आणि हवा खेळते. घरी कर्ब-नत्र मोजत बसायचं नसतं. एक टोपली ओला कचरा, एक टोपली चुरलेला पाला, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. पावसाळ्यात पाला दीडपट.

पुण्यात पानगळ फेब्रुवारी ते एप्रिल. याच काळात सोसायटीच्या आवारात पाल्याचे ढीग लागतात आणि अजूनही कित्येक ठिकाणी पेटवले जातात. ते थांबवा आणि पोती भरून घ्या. झाडलोट करणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवलं तर त्या पाला प्लॅस्टिक-विटकरींपासून वेगळा ठेवतात. त्यांना त्यासाठी वेगळे पैसे द्यावेत, काम वाढतं. रेन ट्री, गुलमोहर, सोनमोहर यांची बारीक पानं सगळ्यांत लवकर कुजतात. आंबा, फणस, अशोकाची पानं चिवट असतात, ती पोत्यात भरून पायांनी तुडवून चुरा करूनच घ्या. चार जणांच्या घराला पावसाळ्याचे चार महिने काढायला चुरलेल्या पाल्याची चार-पाच गच्च पोती लागतात. मे अखेरपर्यंत ती भरून, जमिनीवर न ठेवता फळीवर, कोरड्या जागी हवीत. जूनमध्ये शोधायला गेलात तर भिजलेला पालाच हाती लागेल.

पाला नसेल तर रसवंतीवरची उसाची चिपाडं दोन-तीन दिवस कडक वाळवून, तोडून वापरा. ओली घातली तर मुंग्यांचं वारूळ होईल. लाकडाचा भुसा चालतो, पण तो सागवान-बाभळीसारख्या अस्सल लाकडाचा असावा. प्लायवुड आणि एमडीएफच्या भुशात डिंकाची रसायनं असतात, तो नको. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ओल शोषायला चांगलं असलं तरी नुसत्या कोकोपीटवर ढीग दबतो, म्हणून पाल्यात मिसळून घाला. काहीच नसेल त्या दिवशी वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून घाला. गुळगुळीत पुरवणीचा कागद आणि दुकानातली थर्मल बिलं मात्र नकोत.

रोजची दहा मिनिटं

कचरा ओट्यावर चाळणीत ठेवा, खाली भांडं. रात्रभर निथळू द्या आणि सकाळी ड्रममध्ये टाका. हे निथळणं कंटाळवाणं वाटतं म्हणून पुष्कळ जण सोडून देतात आणि पुढे दुर्गंधीशी झगडतात. चहाचा चोथा एकदा पाण्यातून काढून घ्या, दूध-साखर निघून जाते. मोठी सालं इंचभर तुकड्यांची करा. केळीची सालं, कोबीचे दांडे, मक्याची बुरकुंडं हे सगळं जितकं बारीक तितकं लवकर. मिक्सरमधून मात्र काढू नका. लगद्यात हवा शिरत नाही.

टोपलीभर कचरा, टोपलीभर पाला, थोडं खाली-वर करून वरून दोन बोटं पाल्याचं पांघरूण. उघडा कचरा कधीही दिसता कामा नये. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी खुरप्यानं किंवा जाड काठीनं तळापर्यंत ढवळा.

ओल हातानं ओळखायची. मूठभर काढून आवळा. तळवा ओला झाला, फार तर एखादा थेंब सुटला, आणि बोट लावल्यावर गोळा फुटला की ओल बरोबर आहे. पाणी गळलं तर पाला घाला. गोळाच झाला नाही तर पाणी शिंपडा.

काय टाकू नये? मासळी, मटण, हाडं, तेलाचा तवंग असलेली आमटी-भाजी. मोठ्या ढिगात हे सगळं जिरतं, पन्नास लिटरच्या ड्रममध्ये तेवढी उष्णता तयार होत नाही. त्याच कारणानं कुत्र्या-मांजरांची विष्ठाही नको, रोगजंतू मरत नाहीत. शिळी पोळी, भात कधीमधी चालेल, पण वाटीभर आणि पाल्यात नीट मिसळून. आंब्याच्या कोयी, करवंट्या, चिंचोके वर्षभर तसेच राहतात. पुष्कळ टी-बॅगांच्या जाळीत प्लॅस्टिक असतं, फाडून आतला चहा तेवढा घ्या.

लिंबू-मोसंबीची सालं रोज मूठभरापेक्षा जास्त झाली तर वेगळी ठेवून त्यांचं बायोएन्झाइम, म्हणजे साफसफाईचं आंबवलेलं पाणी, करा. एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, सगळं वजनानं. बाटली प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची, चतुर्थांश रिकामी. काचेची नको, वायूच्या दाबानं फुटू शकते. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, तीन महिन्यांनी गाळायचं. दहापट पाण्यात मिसळून टाइल्स आणि संडासचं भांडं छान निघतं. ओट्याच्या कडप्प्यावर, शहाबादीवर, संगमरवरावर वापरू नका. हे चुनखडीचे दगड आहेत, आम्लानं त्यांची चकाकी जाते. ब्लीचबरोबर तर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

बिघडलं तर

वास दोन तऱ्हेचे येतात आणि त्यांची कारणं वेगळी. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत पाणी साचलं, हवा संपली आणि हवेवाचून जगणारे जिवाणू कामाला लागले. ड्रम जुन्या प्लॅस्टिकवर ओता, तासभर पसरा, दोन टोपल्या कोरडा पाला मिसळा, तळाची भोकं सळीनं मोकळी करा आणि पुन्हा भरा. दोन दिवसांत वास जातो. नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा वास असेल तर शिळं वरण, डाळ, हिरवं गवत असं काही जास्त झालंय, पाला वाढवा. चुना मात्र टाकू नका. चुन्यानं आम्लता उतरते आणि नत्र आणखीच अमोनिया होऊन उडतो.

पांढरी बुरशी चांगली, तिला हात लावू नका. चिलटांची अंडी केळी-आंब्याच्या सालीवर बाजारातूनच येतात. पांघरूण जाड करा आणि शेजारी वाटीत व्हिनेगर घालून त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, चिलटं येऊन बुडतात. मुंग्या लागल्या म्हणजे ढीग कोरडा पडलाय.

करड्या-तपकिरी, बोटाच्या पेराएवढ्या लांब, जाडसर अळ्या दिसल्या की घरात आरडाओरडा होतो आणि ड्रम बंद पडतो. या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या असतात. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही, चावत नाही, आणि तिच्या अळ्या ओला कचरा भराभर संपवतात. नकोच असतील तर चार दिवस नवा कचरा थांबवा आणि पाला वाढवा. ओल कमी झाली की त्या स्वतःच बाहेर पडतात. फिनेल, कीटकनाशक मारलं तर अळ्यांबरोबर खत करणारे जिवाणूही मरतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

ट्रेमध्ये पाणी गळतंय हे जादा ओलीचं लक्षण आहे. ते पाणी किमान दहापट पातळ करून मोठ्या झाडाच्या बुंध्याशी घाला. कोशिंबिरीच्या पानांवर नको.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा उलटी अडचण. ढीग वाळून जातो आणि काम थांबतं. दिवसाआड अर्धा लिटर पाणी शिंपडा. तांदूळ-भाज्या धुतलेलं चालतं. डिसेंबर-जानेवारीत सगळं मंदावतं, मुरायला पंधरवडा जास्त धरा.

तयार झालं कधी म्हणायचं

भरलेला ड्रम बंद करून ४० ते ४५ दिवस मुरू द्या, आठवड्यातून एकदा हलवा, ओल पाहा. काळपट, मोकळं झालं आणि पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास आला की वाळूच्या चाळणीनं चाळून घ्या. चाळणीवर उरलेलं नव्या ड्रमच्या तळाला जातं, त्याहून चांगलं विरजण नाही. महिन्याच्या तीस किलो कचऱ्याचं पाच-सहा किलो खत हाती येतं.

शंका असेल तर मूठभर खत पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर घाण वास आला तर कच्चं आहे. कच्चं खत कुंडीत गेलं की त्यातले जिवाणू मातीतला नत्र स्वतःच खातात, पानं पिवळी पडतात आणि दोष झाडावर येतो. बारा इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी पुरतात. कुंडीत आपोआप टोमॅटो-मिरचीची रोपं उगवली तर नवल नको. ड्रम फारसा तापत नाही, त्यामुळे बिया जिवंत राहतात.

गणपतीत निर्माल्य एकदम वाढतं. हारांचे दोरे, जर, चमकी काढून टाका, फुलं-पत्री सावलीत दोन दिवस सुकवा आणि मग थोडी थोडी घाला. दूर्वा ओल्याच टाकल्या तर पुन्हा फुटतात. सगळं एकाच दिवशी ओतलं तर ड्रम हमखास बिघडतो.

इमारतीत आणखी दहा घरं तयार झाली तर सोसायटीनं मिळून खड्डा करावा. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण अशा प्रकल्पांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. प्रकल्प मात्र खरोखर चालू हवा.

राहिलेला कचरा

ओला कचरा घरात जिरला की उरलेला सुका कचरा कोरडा, बिनवासाचा राहतो आणि तो तीन-चार दिवसांतून एकदा दिला तरी चालतो. पुण्यात तो उचलणाऱ्या अनेक जणी ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. १९९३मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कामातून ती संस्था पुढे आली. आपण टाकतो तो प्रत्येक तुकडा या ताईंच्या हातांतून जातो आणि त्यातला भंगारात विकला जाणारा माल हे त्यांचं उत्पन्न असतं. वरणानं माखलेल्या कागदाला भाव येत नाही. आणि जे शहरात जिरलं नाही ते वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर पडत राहिलं. तिथल्या विहिरींचं पाणी त्यानं नासलं.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो नखाएवढा तुकडा कुणालाही वेचता येत नाही आणि गटारात जातो. पिशवी तीन बाजूंनी चिरून, भांडी विसळल्याच्या पाण्यात धुऊन टाइलवर चिकटवली की तासाभरात वाळते. फॉइलचा चकचकीत थर असलेली वेष्टनं वेगळ्या पिशवीत ठेवा, त्यांना जवळपास भाव नसतो. कपडे चांगले असतील तर धुऊन द्यायचे, फाटके असतील तर त्यांचे पायपुसणे आणि चाळणीखालची फडकी.

फुटलेली काच, ब्लेड वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा आणि वेगळे हातात द्या. ठिपका दिसला की ताईंना ते उघडून पाहावं लागत नाही. सेल, ट्यूबलाइट, सीएफएल वर्षभर एका खोक्यात साठवून ई-कचरा संकलनाच्या दिवशी द्या. सीएफएल घरात फुटलाच तर खिडक्या उघडा, पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा, नंतर तुकडे जाड कागदानं गोळा करून बारीक कण चिकटपट्टीनं उचला. झाडू किंवा व्हॅक्युम क्लीनर वापरू नका, त्यातला पारा हवेत पसरतो.